दाव्यासकट आलेलं मुंडकं

मनकर्णाबाईच्या जिभेला सगळं गाव टरकून असायचं. तिच्या ओट्यापुढून जाताना माणसं चपला हळू वाजवायची, कारण बुढीनं एकदा हाक मारली की त्या माणसाच्या खानदानाची धुणी तिथल्या तिथं धुतली जायची. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली. पण रीतभात, सणवार, कोणत्या दिवशी काय करू नये, यात तिला शिकवायला गेलेला माणूस शिकूनच परत यायचा.

तिची एक गोष्ट अजून सांगतात. तिच्या नवऱ्यानं, भगवंतरावांनी, घरची शेवटची बैलजोडी विकली. घेणारा माणूस जोडी घेऊन वेशीबाहेर पडला आणि मनकर्णाबाईच्या ध्यानात आलं की त्यानं बैलांच्या गळ्यातली दावी सोडलीच नाहीत. हाताला पीठ तसंच, पायात काही नाही, बाई धावली. त्याला रस्त्यात गाठून म्हणाली, "बैल तुहा, दावं आमचं. जनावर इकलं तं दावं मालकानं ठेवून घ्या लागते, येवढं तुह्या मायनं शिकवलं नाई का बे? दावं संगं गेलं तं घरची लक्ष्मी जाते, अन् जनावर बी नवं घर धरत नाई. रोज जुन्या दाराकडं तोंड करून उभं राह्यते." त्या माणसानं मुकाट्यानं दावी सोडून दिली आणि आपली बांधली. ती दावी गोठ्यातल्या खुंटीवर अजून लटकत होती.

बैल गेले आणि त्यांच्या जागी गोठ्यात एक जुनी जीप आली. भगवंतराव तिच्यात वांगी-टमाटे भरून खामगावच्या बाजाराला जायचे. परतताना नाल्याच्या वळणावर गिअर पडला की जीप दोनदा खोकायची. तो खोकला ऐकला की मनकर्णाबाई चहा ठेवायची; जीप दारात यायला आणि चहा उतू जायला एकच गाठ पडायची. भगवंतराव गेले त्याला आता काही वर्षं झाली. जीप पोरगा चालवू लागला, शेखर. पण वळणावरचा खोकला तोच राहिला. मनकर्णाबाई अजून त्या खोकल्यावर चहा ठेवायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "शेखरसाठी."

शेखर चहा पीत नव्हता.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत जीप तापायला लागली. रेडिएटरमध्ये घातलेलं पाणी कुठं जायचं कळेना. मागून पांढरा धूर निघायचा. गावचा कडूबा मिस्त्री आला, त्यानं ऑइलची पट्टी ओढून दाखवली तर ऑइल ताकासारखं झालेलं.

"काकू, इंजनाच्या मुंडक्याले, हेडले, तडा गेला. पानी ऑइलात उतरून राह्यलं."

"मंग?" मनकर्णाबाई म्हणाली.

"आई, इकून टाकू," शेखर म्हणाला. "किती दिवस ओढायची हे धूड?"

"तुले इकतो आधी. तुह्या बापाच्या हातची जीप हाय ते. माह्या जीवात जीव हाय तोवर ते या गोठ्यातून जात नाई."

मग काय, दुसरं हेड आणायचं ठरलं, आणि काम घरीच, गोठ्यात. कडूबानं पाणी काढलं, नळ्या सोडल्या, आतल्या लांब सळ्या एकेक उपसून वांग्याच्या क्रेटमध्ये ओळीनं खोचून ठेवल्या, कारण जिची जागा तिलाच. मग लांब पाना लावून बोल्ट ढिले केले आणि जुनं हेड उचललं. इंजिन मान कापल्यासारखं उघडं पडलं. मनकर्णाबाईनं त्यावर आपल्या हातानं धुतलेलं लुगडं पांघरलं. कडूबा हसला, पण तोंड फिरवून हसला.

जुनं हेड गव्हाणीपाशी ठेवलं. मधोमध केसासारखा बारीक तडा होता. कडूबा म्हणाला, "येत्या बाजाराले भंगारात टाकून येतो." "पडू दे आता तिथंच," मनकर्णाबाई म्हणाली.

दुसरं हेड शेखर आणि कडूबानं खामगावच्या एका भंगारवाल्याकडून आणलं आणि लेथवाल्याकडून त्याचं तोंड घासून सपाट करून घेतलं. जड वजन, म्हणून दोराच्या फासात बांधून आणलं होतं. दोर ग्रीसनं काळा झालेला, पण जाड, घट्ट पिळाचा, आणि गाठीत एक कवडी ओवलेली.

"कोणाच्या जीपेचं हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"काकू, भंगारात गाव इचारत नसतात."

त्याच दोरानं हेड गोठ्याच्या आढ्याला टांगून हळूहळू खाली सोडलं. कडूबा मधल्या बोल्टापासून सुरू करून बाहेरबाहेर आवळत गेला.

"भाकर थापून राह्यला का?"

"तसंच समजा, काकू. मधातून बाहिर. कडेकून आवळलं तं मधात फुगते."

काम झालं. बॉनेटची कडी मात्र तुटलेली निघाली. कडूबानं दोर हातात धरून विचारलं, "हे फेकू का?"

"फेकतं कायले? चांगल्या सुताचं हाय. त्यानंच बॉनेट बांध."

हे मनकर्णाबाई बोलली. दुसऱ्या कुणी नाही.

जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. शेखर हसला, त्याच्या बायकोनं, प्रतीक्षानं, नारळ फोडला. मनकर्णाबाई ओट्यावर बसून कान देऊन ऐकत होती. आवाज कसा गुळगुळीत होता, लांब कुठं जातं फिरत असावं तसा, आणि मधूनच एक बारीक शीळ. कुणी बाई ऐकत नाही ना बघून पुरुषमाणूस घालतो, तशी.

"हा आवाज आपला नाई," ती म्हणाली.

"मुंडकं बदललं, काकू. आवाज बदलनच."

"कडूबा, गणपतीले हत्तीचं मुंडकं बसवलं. तवा तो शंकराचा पोरगा राह्यला का हत्तीचा झाला?"

"शंकराचाच की."

"मंग त्याले ऊस काऊन आवडते?"

कडूबानं हात पुसले आणि घरची वाट धरली. हा प्रश्न कोणत्याच पान्यानं सुटणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती गोठ्यात दिवा दाखवायला गेली. बैल गेले तरी ही रीत तिनं सोडली नव्हती. जीप सकाळपासून जागची हलली नव्हती. तिनं सहज बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. पत्रा ऊन होता. उन्हानं तापलेला नव्हे, गोठ्यात ऊन येतच नव्हतं. जित्या जनावराच्या कपाळासारखा ऊन. आणि पुढची दोन्ही चाकं दाराकडे वळलेली. शेखरनं ती सरळ लावली होती, तिनं डोळ्यानं पाहिलं होतं.

"उतार असंन तिथं," शेखर म्हणाला.

"माह्या गोठ्यात मी चाळीस वर्सं शेण काढलं. उतार मले सांगतं?"

त्यानंतर शेखर उशिरा येऊ लागला. पहिल्यांदा म्हणाला, "रस्ता चुकला. फाट्यावरून सरळ याचं, तं रोहिणखेडच्या रस्त्याले लागलो." दुसऱ्यांदा म्हणाला, "स्टेअरिंग तिकडंच ओढून राह्यली." कडूबानं चाकं तपासली, दोष नव्हता. पुढं पुढं शेखर काही सांगेनासाच झाला. विचारलं तर नुसता बघायचा, जणू विचारणारं माणूस लांब बांधावर उभं आहे आणि त्याचा आवाज इथवर पोचत नाही.

मग एका संध्याकाळी जीप आली, शीळ थांबली, आणि शेखर दारातच उभा राहिला. आत येईना. चौकटीकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं. परक्याच्या घरी चुकून आलेला माणूस पाहतो तसं. मग उंबऱ्यावर डावा पाय दुमडून बसला आणि संथ आवाजात म्हणाला, "सरू, च्या ठेव. साखर नको."

प्रतीक्षाच्या हातून ताट पडलं नाही. तिनं ते आपटलं.

"कोण हे सरू? आता समजलं रोज उशीर काऊन होऊन राह्यला ते! आई, ऐकलं का तुमच्या लेकाचं?"

मनकर्णाबाई ऐकत नव्हती, बघत होती. तिनंच चहा केला, बिनसाखरेचा, आणि पोराच्या हातात दिला. चहाला कधी तोंड न लावणाऱ्या शेखरनं तो बशीत ओतला, मिशी असल्यासारखी वरच्या ओठावरून बोटं फिरवली, फुंकर घातली आणि भुरका मारला. त्याला मिशी नव्हती.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाई कुणाला एक शब्द वाकडा बोलली नाही. प्रतीक्षा शेखरपेक्षा सासूच्या या सरळपणालाच जास्त भ्याली.

सकाळी शेखर पहिल्यासारखा होता. "कोण सरू?" त्यानं भोळेपणानं विचारलं. प्रतीक्षा रडू लागली. "आई, आजच्या आज जीप इका. मले माहा माणूस पाह्यजे."

"पोरी, जीप इकली अन् हा तिच्यामांगं गेला मंग? ओढणारं कोण हाय ते पाह्यल्याबिगर दोर कापू नाई." मनकर्णाबाईनं पदर खोचला. "आज मी जातो संगं."

दुपार कलल्यावर दोघं निघाली. फाट्यापर्यंत शेखर नीट बोलत होता, टमाट्यावरच्या रोगाचं सांगत होता. फाटा दिसला आणि तो बोलता बोलता थांबला. इंजिनची शीळ सुरू झाली, आणि त्या शिळीत शेखर आपली शीळ मिसळू लागला.

"शेखर, हात सोड," मनकर्णाबाई म्हणाली.

त्यानं हात मांडीवर ठेवले. स्टेअरिंग आपसूक फिरलं. घाई नाही, हिसका नाही. सांजच्याला बैल आपल्या गल्लीत वळतो तसं. मनकर्णाबाईनं सीटखालची दांडी घट्ट धरली. तिच्या तोंडात तिच्या कुलदैवताचं नाव होतं. दोन्ही बाजूंना अर्धवट वेचलेला कापूस पांढरा पडला होता. रोहिणखेडची जुनी मशीद संधिप्रकाशात डाव्या हाताला दिसली आणि मागं गेली. वस्तीजवळ कुत्री रस्त्यावर बसली होती. परकी गाडी आली की गावची कुत्री अंगावर धावतात. ही कुत्री उठली, शेपट्या हलवल्या आणि वाट दिली.

एका बाभळीच्या वळणावर जीप थांबली. इंजिन चालू, पण जीप पुढं जाईना. पुढं कौलारू घर दिसत होतं, अंगणाचं फाटक उघडं. शेखरचे डोळे त्या फाटकावर खिळलेले, आणि त्यातून पाणी गळत होतं. त्याचं त्याला कळत नव्हतं.

मनकर्णाबाईला वाटलं, उतरावं आणि पोराला ओढत परत न्यावं. पण तिनं आयुष्यभर जनावरं बघितली होती. दारापर्यंत आलेलं जनावर मागं ओढलं तर ते उद्या पुन्हा येतं.

"इथवर आलाच हाय तं चाल आत," ती जीपला म्हणाली.

जीप अंगणात शिरली. घरातून तिच्याच वयाची एक बाई बाहेर आली, कपाळ मोकळं, हातात बशीसकट कप. जीपकडे बघून ती अशी म्हणाली, जशी काही रोजचीच गोष्ट.

"आज आत आले. बरं झालं. रोज वळणावरून वापस जाऊन राह्यले होते."

तिनं कप शेखरच्या हाती दिला. मग तिला मनकर्णाबाई दिसली, आणि शेखरचं तोंड नीट दिसलं, आणि ती मागं सरून ओट्यावर बसली.

"मायबाई. हे तं तुमचं पोरगं हाय."

"तुमचं नाव सरू का?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"सरस्वती. सरू म्हणणारा माणूस गेला." ती थांबली. "कापूस घेऊन खामगावले गेले होते जीपेत. वापस येताना रस्त्यातच जीव गेला. माणूस दुसऱ्याच्या गाडीतून घरी आला. जीप तिकडंच राह्यली, पोरानं तिकूनच भंगारात देली. दारी आलीच नाई ते. अन् मंग आता काही दिवसांपासून सांजच्याला तीच शीळ. वळणापर्यंत येते अन् जाते. म्या कोणाले सांगितलं नाई. बुढीचं डोकं फिरलं म्हणतीन. नुसता च्या करून ठेवतो."

मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. चहा करून ठेवणं काय असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"जीप माही हाय," ती म्हणाली. "मुंडकं तेवढं तुमच्या जीपेचं बसवलं."

सरस्वतीबाई उठून बॉनेटजवळ गेली. दोरावर हात फिरवला, कवडी चाचपली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

"हे तं माह्या ढवळ्याचं दावं. कवडी म्या ओवली होती. बैल म्हातारा होऊन मेला तवापासून यायनं जीपेत ठेवलं होतं. म्हणत, घरचं दावं संगं असलं की वाट चुकत नाई."

मनकर्णाबाईचे कान तापले. वेशीबाहेर अनवाणी धावलेली बाई तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, हाताला पीठ लागलेली. बैल तुहा, दावं आमचं. अख्ख्या गावाला शिकवलं आणि स्वतःच्या गोठ्यात, स्वतःच्या तोंडानं, दुसऱ्याचं दावं बांधायला सांगितलं. लोखंडाला कुठं घर असतं, असं वाटलं होतं.

तिनं गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. आतून कुणी ताणून धरल्यासारखी. नख मोडलं. शेवटी सरस्वतीबाईनं हात लावला तशी गाठ सैल झाली.

"बाई, दावं तुमचं," मनकर्णाबाई म्हणाली. "चूक माही झाली. जे इथून गेलं ते गेलं, पण दावं येच घरी राह्यलं पाह्यजे. अन् तुम्ही एकडाव निरोप द्या. नाई तं हे माह्या पोराले घेऊन रोज येईन, अन् एक दिवस वापस धाडणार नाई."

सरस्वतीबाईनं दावं घेतलं. अंगणाच्या कडेला एक मोकळी खुंटी होती, तिला ते बांधलं. मग घरातून भाकरीचा तुकडा आणला, जीपवरून ओवाळून बाजूला टाकला, आणि थरथरणाऱ्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"आले न घरी? झालं मंग. आता तिकडं राह्याचं. माणसं चांगली हायेत. बुढी तोंडाची फाटकी दिसते, पन चांगली हाय."

एरवी असं बोलणाऱ्याची मनकर्णाबाईनं सालटी काढली असती. आज तिनं ते गिळलं.

शीळ बारीक बारीक होत गेली आणि इंजिन आपसूक बंद पडलं. इतकं शांत झालं की खुंटीवरची कवडी हलली तेही ऐकू आलं. वारा नव्हता.

"थू!" शेखर ओरडला. बशी त्याच्या हातून सांडली. "कोणं देला मले हा कडू च्या? आई! आपण कोठी आलो?"

मनकर्णाबाईनं डोळे मिटले, उघडले. "पाव्हण्याच्या घरी. नमस्कार कर यायले, बैताडा."

बॉनेट आता उघडं हलत होतं. तिनं आपल्या लुगड्याच्या काठाची पट्टी टर्रकन फाडली, पीळ दिला आणि स्वतःच्या हातानं बॉनेट बांधलं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. जीप सुरू झाली. नुसतं इंजिन, शीळ नाही. फाटकात सरस्वतीबाई उभी होती. तिनं हात हलवला नाही, मनकर्णाबाईनंही नाही.

परतीला शेखरचे हात स्टेअरिंगवर होते आणि जीप त्याचं ऐकत होती. नाल्याचं वळण आलं. गिअर पडला. मनकर्णाबाईनं श्वास धरला. जीप खोकली नाही. गुळगुळीत निघून गेली. बुढीनं तोंड बाहेर केलं आणि घरापर्यंत आत घेतलं नाही.

दारात प्रतीक्षा उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"पानी दे वं, प्रतीक्षा," तो म्हणाला, "तोंड कडू झालं." आपलं नाव ऐकून ती हसली आणि लगेच गोंधळली.

"पन तुम्ही मघाशीच आले होते नं? नाल्याच्या वळणावर जीप खोकली. दोनदा. आईची सवय म्हणून म्या च्या ठेवला. बाहिर येऊन पाह्यलं तं कोणीच नाई."

मनकर्णाबाई दिवा घेऊन गोठ्यात गेली. गव्हाणीपाशी जुनं हेड पडलं होतं, तड्यासकट, धूळ बसलेलं. ती खाली बसली आणि त्यावर तळहात ठेवला.

ऊन होतं.

"आले का?" ती हळूच म्हणाली.

मग उठली, खुंटीवरची दावी चाचपली, त्यातलं बरं एक काढलं, लोखंडाभोवती दोन वेढे घातले आणि गव्हाणीला गच्च गाठ मारली. बैलाला मारायची तीच.

"प्रतीक्षा!" तिनं नेहमीच्या आवाजात हाक मारली. "च्या ओत. अन् कडूबाले सांगजो, जुन्या मुंडक्याले हात लावला तं हात ठेवणार नाई." आणि मग खाली वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, त्या लोखंडाला म्हणाली, "आता जाऊन दाखवा."